सगळ्या लिंक्स नवीन टॅबमध्येच का उघडतात, आणि त्या आवरायच्या कशा

तुमचा प्रश्न नीट दोनदा वाचला. तुमचं म्हणणं असं की कुठल्याही लिंकवर क्लिक केलं की नवीन टॅब उघडतो, संध्याकाळपर्यंत तीसचाळीस टॅबची रांग लागते, मागे जायचं बटण राखाडी होऊन बसलेलं असतं, आणि क्रोमच्या सेटिंग्जमध्ये 'सगळ्या लिंक्स त्याच टॅबमध्ये उघडा' असा ऑप्शन शोधून शोधून तुम्ही दमलात. आणि जाता जाता शेवटच्या ओळीत लिहिलंय की मेलमधल्या लिंक्स भलत्याच ब्राउझरमध्ये उघडतात. ही दोन वेगळी दुखणी आहेत, दुसऱ्याकडे नंतर येतो.

तो ऑप्शन तुम्हाला सापडला नाही कारण क्रोममध्ये तो नाहीच. एजमध्येही नाही, कारण दोघांच्या आतला सांगाडा एकच, क्रोमियम. फायरफॉक्समध्ये आहे, पण असा लपवून ठेवलाय की कोणी सांगितल्याशिवाय तिथे हात जाणार नाही.

पण सेटिंगला हात लावायच्या आधी, लिंक कुठे उघडायची हे ठरवतं कोण, ते बघू. मी गेली पंधराएक वर्षं ऑफिसातल्या लोकांचे कॉम्प्युटर सांभाळायचं काम करतोय, आणि ही तक्रार आली की दर वेळी शिव्या ब्राउझरला पडतात. बहुतेक वेळा तो बिचारा सांगितलेलं ऐकत असतो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात तसा प्रकार. ठरवणारे असू शकतात चौघं: साइट बनवणारा, तुमचा स्वतःचा हात, ब्राउझर, आणि लिंक बाहेरून कुठून आली असेल तर ऑपरेटिंग सिस्टम किंवा ते ॲप. यातला नेमका कोण ते कळलं की अर्धं काम झालं, नाहीतर माणूस तासभर सेटिंग्ज उलटीपालटी करत बसतो आणि शेवटी काय बदललं होतं तेच विसरतो.

साइटवाल्यापासून सुरू करू कारण शंभरातल्या बहुतेक केसेस तिथेच संपतात. वेबपेज लिहिताना प्रत्येक लिंकला एक छोटी सूचना जोडता येते, तिला टार्गेट म्हणतात. तिथे 'अंडरस्कोर ब्लँक' असं लिहिलं की ब्राउझरला अर्थ कळतो, ही लिंक नव्या जागी उघड. हे प्रकरण जुनं आहे, ब्राउझरमध्ये टॅब नव्हते तेव्हाचं. तेव्हा खरोखर नवीन खिडकी उघडायची. इंटरनेट एक्सप्लोररला टॅब मिळाले ते थेट 2006 मध्ये, सातव्या व्हर्जनला. पुढे सगळ्यांनी खिडकीच्या जागी टॅब उघडायला सुरुवात केली पण सूचना तीच राहिली. साइटवाल्यांना ती आवडते, कारण आपलं पान मागे उघडं राहतं, वाचक 'गेला' असं होत नाही. वाचकाला काय वाटतं हा प्रश्न त्यात कुठेच नसतो. आणि पानाच्या डोक्याशी एक ओळ टाकली की त्या पानावरच्या झाडून सगळ्या लिंक्सना हीच सूचना लागू करता येते, त्यामुळे काही साइट्सवर एकही लिंक सुटत नाही. मेल ब्राउझरमध्ये वाचत असाल तर मेलमधली लिंक नव्या टॅबमध्येच जाणार, आणि तिथे ते बरोबरही आहे, नाहीतर अर्धवट लिहिलेलं उत्तर सोडून पान निघून गेलं असतं.

आता तुमच्या बाबतीत हाच चोर आहे का, याची एक साधी टेस्ट. विकिपीडियावरचा कुठलाही लेख उघडा आणि मजकुरातल्या कुठल्याही निळ्या शब्दावर साधं एक क्लिक करा. तिथल्या लिंक्सना नव्या टॅबची सूचना नसते. त्याच टॅबमध्ये पान बदललं तर तुमचा ब्राउझर ठणठणीत आहे, माऊस ठणठणीत आहे, आणि जे काय होतंय ते तुम्ही रोज वापरता त्या साइट्स करतायत.

विकिपीडियावरही नवीन टॅब उघडला तर मात्र मजा आहे. मग दोषी एकतर एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला वरून जोडलेला छोटा प्रोग्राम, नाहीतर कीबोर्ड. कीबोर्ड म्हटलं की लोक हसतात म्हणून एक किस्सा सांगतो. एका ऑफिसात एक बाई होत्या, त्यांच्या लॅपटॉपवर सकाळपासून प्रत्येक लिंक नवीन टॅबमध्ये, आणि स्क्रोल केलं की अक्षरं लहानमोठी व्हायला लागायची. मी आधी सेटिंग्ज पाहिल्या, मग एक्स्टेंशन्स बंद केले, मग ब्राउझर रिसेट केला, अर्धा पाऊण तास गेला. शेवटी सहज टेबलाच्या कोपऱ्याकडे नजर गेली तर तिथे लॅपटॉपला जोडलेला जुना कीबोर्ड फायलींच्या गठ्ठ्याखाली दबलेला, आणि एका जाड फायलीचा कोपरा बरोबर डावीकडच्या कंट्रोलवर. कंट्रोल दाबून क्लिक म्हणजे नवीन टॅब आणि कंट्रोल दाबून स्क्रोल म्हणजे झूम, दोन्ही लक्षणं जागच्या जागी होती आणि मी मात्र सॉफ्टवेअर खणत बसलो होतो. तेव्हापासून मी आधी विचारतो, स्क्रोल केल्यावर झूम होतंय का? होत असेल तर सेटिंग्ज उघडूच नका, कंट्रोल बटण दोनचार वेळा दाबून सोडा, दुसरा कीबोर्ड असेल तर वायर काढा, आणि विंडोजमधलं स्टिकी कीज, म्हणजे कंट्रोलसारखं बटण सोडल्यावरही दाबलेलं धरायची सोय, चुकून चालू झालंय का तेवढं बघा.

एक्स्टेंशनची शंका असेल तर इन्कॉग्निटो, म्हणजे इतिहास न ठेवणारी खाजगी विंडो उघडून तीच लिंक दाबून बघा. तिथे एक्स्टेंशन्स आपणहून चालत नाहीत, तुम्ही परवानगी दिली असेल तरच चालतात. साध्या विंडोत नवीन टॅब आणि इन्कॉग्निटोत त्याच टॅबमध्ये, असा फरक दिसला की समजायचं एक्स्टेंशनच आहे, मग एकेक बंद करत जायचं.

अजून एक जागा आहे जी लोक ब्राउझरची समजतात पण ती असते सर्चवाल्याची. गूगलवर काही शोधलं आणि फक्त तिथलेच रिझल्ट नवीन टॅबमध्ये उघडत असतील तर ब्राउझरला सोडा, गूगल सर्चच्या पानावरच्या सेटिंग्जमध्ये जा, तिथे रिझल्ट नवीन विंडोत उघडायचा एक ऑप्शन आहे तो बंद करा. बिंगला आणि डकडकगोलाही असंच आपापलं सेटिंग आहे. हे सेटिंग लॉगिन नसताना केलं तर कुकीत, म्हणजे साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदीत राहतं, म्हणजे कुकीज साफ केल्या की गेलं. 'मी तर गेल्या महिन्यात बंद केलं होतं, परत कसं काय' असं विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांचं उत्तर हेच असतं.

तर समजू की साइटच करतेय. क्रोममध्ये काय करता येतं? सेटिंग नाही, पण हात आहे. आणि इथे एक गोष्ट आधी मान्य करून टाकू, नवीन टॅब तुमच्या हातात पूर्णपणे आहे, त्याच टॅबमध्ये उघडणं मात्र तितकं नाही. कंट्रोल दाबून क्लिक केलं की लिंक मागे नव्या टॅबमध्ये, तुम्ही आहात तिथेच. कंट्रोल आणि शिफ्ट दोन्ही दाबून क्लिक केलं की नवीन टॅब आणि तुम्ही लगेच त्यावर. नुसतं शिफ्ट म्हणजे नवीन खिडकी. मॅकवर कंट्रोलच्या जागी कमांड. माऊसचं मधलं चाक दाबलं की तेच, मागे नवीन टॅब, आणि हेच चाक टॅबवर नेऊन दाबलं की टॅब बंद, हे माहीत नसलेले लोक अजून भेटतात आणि त्या बारक्या फुलीवर नेम धरत बसतात. लॅपटॉपच्या टचपॅडला चाक नसतं, पण विंडोजच्या टचपॅड सेटिंग्जमध्ये तीन बोटांच्या टॅपला मधल्या बटणाचं काम देता येतं, माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर पहिलं सेटिंग मी तेच करतो. कीबोर्डवालेच असाल तर टॅब बटणाने लिंकवर यायचं आणि कंट्रोल एंटर.

उलट दिशेला, म्हणजे साइट म्हणतेय नवीन टॅब आणि तुम्हाला हवाय हाच टॅब, तर लिंक माऊसने धरून वर ॲड्रेस बारवर नेऊन सोडायची. पान त्याच टॅबमध्ये उघडतं, मागे जायचं बटण जिवंत राहतं. पहिले दोन दिवस विचित्र वाटतं, मग हात बसतो. दर लिंकला कोणी करणार नाही हे मलाही कळतं, पण एखाद्या साइटवर लागोपाठ पाचसहा पानं आत जायचं असेल तेव्हा बरं पडतं.

आणि खरं सांगू का, बहुतेकांचं दुखणं नवीन टॅब हे नसतंच, मागे जाता येत नाही हे असतं. नवीन टॅबला स्वतःचा इतिहास नसतो, तो आत्ताच जन्मलाय, म्हणून बटण राखाडी. तिथे मागे जायचं म्हणजे तो टॅब बंद करायचा, कंट्रोल डब्ल्यू. क्रोममध्ये लिंकवरून उघडलेला टॅब लगेच बंद केला की तुम्ही ज्या पानावरून आलात त्यावरच परत येता, म्हणजे मागे जाण्याचंच काम झालं, फक्त बटण वेगळं. चुकून नको तो बंद झाला तर कंट्रोल शिफ्ट टी, आणि तो टॅब इतिहासासकट परत येतो. हे दोन शॉर्टकट मी ज्यांना सवयीचे करून दिले त्यातल्या बऱ्याच जणांनी परत कधी 'त्याच टॅबमध्ये कसं उघडायचं' विचारलं नाही.

आता फायरफॉक्स, कारण तुम्ही लिहिलंय की ब्राउझर बदलायची तयारी आहे. हट्टाने सगळं एकाच टॅबमध्ये हवं असेल तर माझं उत्तर हेच, दुसरं नाही. नेहमीच्या सेटिंग्जमध्ये जनरलखाली टॅबचा भाग आहे, तिथे 'नव्या विंडोऐवजी टॅबमध्ये उघडा' असा एक चौकोन आहे आणि 'नवीन टॅब उघडला की लगेच त्यावर जा' असा दुसरा. पहिला चौकोन काढून टाकला तर त्याच टॅबमध्ये उघडेल असं वाटतं ना? नाही. काढला की प्रत्येक लिंकला नवीन खिडकी, म्हणजे आगीतून फुफाट्यात. त्या चौकोनाच्या मागे एक आकडा आहे, त्याला तीन किंमती देता येतात, आणि चौकोन त्यातल्या दोनच दाखवतो.

तो आकडा बघायला ॲड्रेस बारमध्ये इंग्रजीत अबाउट कोलन कॉन्फिग टाइप करा, एक धोक्याची सूचना येईल ती वाचून पुढे जा, आणि वरच्या खोक्यात इंग्रजीत ओपन अंडरस्कोर न्यूविंडो शोधा. ब्राउझर डॉट लिंक ने सुरू होणाऱ्या तीन ओळी तुमच्या कामाच्या. पहिली, जिच्या नावापुढे अजून काही शेपूट नाही, तिथे आत्ता 3 असेल. 3 म्हणजे नवीन टॅब, 2 म्हणजे नवीन खिडकी, 1 म्हणजे त्याच टॅबमध्ये. तिथे 1 करा. ब्राउझर बंद करून उघडायची गरज नाही, लगेच लागू होतं.

पण इथेच थांबलात तर दुसऱ्या दिवशी मला शिव्या घालाल. दुसरी ओळ आहे जिच्या शेवटी ओव्हरराइड डॉट एक्स्टर्नल येतं. तिथे उणे 1 लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ, बाहेरच्या प्रोग्राममधून आलेली लिंकही वरच्या ओळीचंच ऐकेल. वर तुम्ही 1 केलंत, म्हणजे आता मेलच्या प्रोग्राममध्ये कोणीतरी पाठवलेली लिंक दाबली की ब्राउझरमध्ये तुम्ही जे पान वाचत होतात त्याच्या डोक्यावर ती उघडणार. अर्धा भरलेला फॉर्म असेल तर गेला. म्हणून या ओळीत 3 टाका, बाहेरून येणाऱ्याला नवीन टॅब, आतल्या आत फिरताना तोच टॅब. हे मी स्वतः भोगून शिकलोय, एक लांबलचक अर्ज भरता भरता.

तिसरी ओळ रिस्ट्रिक्शन नावाची, तिथे 2 असतं, ते तसंच राहू द्या. 2 चा अर्थ, साइटने ठरावीक मापाची छोटी खिडकी मागितली असेल तर ती खिडकी म्हणूनच उघडेल. लॉगिनच्या, पैसे भरायच्या त्या चौकोनी छोट्या खिडक्या असतात ना, त्या यात येतात. तिथे 0 केलंत तर त्या पण तुमच्या टॅबमध्ये घुसतील, आणि लॉगिन झाल्यावर ज्या मूळ पानाला 'झालं बरं का' असं कळवायचं ते पानच जागेवर नसेल. मग तुम्ही म्हणणार लॉगिन होत नाही, आणि तुम्हाला आठवणारही नाही की तीन आठवड्यांपूर्वी एक आकडा बदलला होता. जे बदलाल ते कुठेतरी लिहून ठेवा. कॉन्फिगमध्ये बदललेली ओळ ठळक अक्षरात दिसते आणि शेजारच्या वळलेल्या बाणाने मूळ किंमत परत येते, तेवढी सोय आहे.

मी स्वतः 1 वापरत नाही. मी वापरतो ती वेगळीच ओळ, ब्राउझर डॉट टॅब्स डॉट लोड डायव्हर्टेड इन बॅकग्राउंड (शेवटचे चार शब्द इंग्रजीत मधे जागा न सोडता). ती ट्रू केली की साइटने जबरदस्तीने काढलेला नवीन टॅब मागे उघडतो, मी वाचतोय तिथून मला कोणी उचलून नेत नाही. मला टॅबचा त्रास नाही, अचानक पान बदलण्याचा आहे. तुमचंही तसंच असेल तर 1 पेक्षा हे बरं, कारण यात काही मोडत नाही. तोटा एवढाच की बाहेरच्या प्रोग्राममधून आलेल्या लिंक्सही मागेच उघडतात, मग 'लिंक उघडतच नाही' असं वाटून माणूस चार वेळा दाबतो आणि चार टॅब होतात. माझ्याकडे सुरुवातीला रोज होत होतं.

सफारीचं लवकर उरकतो. मॅकवर सफारीच्या सेटिंग्जमध्ये टॅब्सखाली खिडकीऐवजी टॅब कधी वापरायचे ते निवडता येतं, कधीच नाही, आपोआप, नेहमी, असे तीन पर्याय. कमांड क्लिकने काय व्हावं आणि नवीन टॅब उघडला की त्यावर जावं का, तेही तिथेच. 'हाच टॅब' असं सक्तीने करायची सोय तिथेही नाही.

आता तुम्ही विचारणारच की क्रोमसाठी एक्स्टेंशन नाही का. आहेत, बरीच आहेत, शोधलंत की समोर येतील. मी सहसा नाही म्हणतो. अशा एक्स्टेंशनला प्रत्येक पानावरच्या लिंकची सूचना पुसायची असते, त्यासाठी ते 'सर्व वेबसाइटवरील तुमचा सगळा डेटा वाचणे आणि बदलणे' ही परवानगी मागतं, आणि सगळा म्हणजे बँकेचं पानही त्यात आलं. आज ज्याने बनवलंय तो भला माणूस असेल, उद्या त्याने ते दुसऱ्याला विकलं तर अपडेट तुमच्याकडे आपोआपच येणार. नवीन टॅब उघडू नये एवढ्यासाठी घराची किल्ली देण्यातला प्रकार. घ्यायचंच असेल तर क्रोममध्ये त्या एक्स्टेंशनच्या डिटेल्समध्ये जाऊन साइट ॲक्सेस 'ठरावीक साइट्सवर' असं करा आणि ज्या दोनचार साइट्स जास्त छळतात तेवढ्याच द्या. कोणी थोडं प्रोग्रॅमिंग जाणणारं ओळखीचं असेल तर त्याहून बरा उपाय म्हणजे एका ओळीची जावास्क्रिप्ट बुकमार्कमध्ये सेव्ह करून घेणं, जी दाबली की समोरच्या पानावरच्या सगळ्या लिंक्सची टार्गेट सूचना पुसली जाते. स्क्रोल केल्यावर नंतर लोड होणाऱ्या लिंक्सना ती लागत नाही, परत दाबावं लागतं. पण ती तुम्ही दाबाल तेव्हाच चालते आणि कोणाला काही पाठवत नाही.

काही ठिकाणी मात्र वरचं काहीच चालणार नाही. लिंकसारखं दिसतं पण लिंक नसतं. ओळखायचं कसं, तर त्यावर राइट क्लिक करा. मेनूमध्ये 'लिंक नवीन टॅबमध्ये उघडा' ही ओळ आली तर ती खरी लिंक. आली नाही, नुसतं मागे, रीलोड, प्रिंट असलं काही आलं, तर ते बटण आहे किंवा नुसता रंगवलेला चौकोन आहे ज्याच्या मागे स्क्रिप्ट बसवलीय. माऊस वर नेला की खाली डाव्या कोपऱ्यात पत्ता दिसतो का, हीसुद्धा तीच परीक्षा. अशा ठिकाणी कंट्रोल क्लिक, मधलं चाक, ओढून ॲड्रेस बारवर टाकणं, सगळं वाया जातं. इथे उलटी तक्रार येते, नवीन टॅबमध्ये हवंय पण उघडत नाही. त्यावर एक जुगाड आहे, टॅबवर राइट क्लिक करून डुप्लिकेट करा आणि त्या जुळ्या टॅबमध्ये क्लिक करा, मूळ पान होतं तसं राहतं. डुप्लिकेट टॅबला मागचा इतिहासही मिळतो, हा वरचा फायदा.

पीडीएफच्या लिंक्सचं गणित अजून वेगळं. ती उघडते की डाउनलोड होते हे क्रोममध्ये साइट सेटिंग्जच्या आत, जास्तीच्या कंटेंट सेटिंग्जमध्ये पीडीएफ डॉक्युमेंट्स म्हणून आहे तिथे ठरतं, फायरफॉक्समध्ये जनरलखाली ॲप्लिकेशन्सच्या यादीत. अर्थात सर्व्हरने 'डाउनलोडच कर' असं सांगितलं असेल तर क्रोम ते ऐकतो.

आता तुमचं दुसरं दुखणं, मेलमधल्या लिंक्स भलत्या ब्राउझरमध्ये. हे डिफॉल्ट ब्राउझरचं प्रकरण, आणि ते ब्राउझरमध्ये नाही तर सिस्टममध्ये ठरतं. विंडोजमध्ये सेटिंग्ज, ॲप्स, डिफॉल्ट ॲप्स, तिथे तुमचा ब्राउझर निवडा आणि वर सेट डिफॉल्टचं बटण दाबा. विंडोज 11 जेव्हा 2021 मध्ये आलं तेव्हा हे एक बटण नव्हतं, प्रत्येक प्रकाराला वेगळं निवडावं लागायचं, त्यामुळे काही मशीनवर अजून अर्धवट सेटिंग सापडतं, एचटीटीपी एकाकडे आणि एचटीटीपीएस दुसऱ्याकडे. खाली यादीत ते दोन्ही एकदा डोळ्याखालून घाला. मॅकवर सिस्टम सेटिंग्जमध्ये डेस्कटॉप आणि डॉकखाली ठेवलंय, तिथे का ठेवलं ते त्यांनाच ठाऊक.

हे करूनही मेलमधून एजच उघडत असेल आणि तुम्ही आउटलुक वापरत असाल तर त्याचं स्वतःचं वेगळं सेटिंग आहे. क्लासिक आउटलुकमध्ये फाइल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड, तिथे आउटलुकमधल्या हायपरलिंक्स कशात उघडायच्या असा एक प्रश्न सापडेल, उत्तरात डिफॉल्ट ब्राउझर निवडा. सिस्टमचं सेटिंग बरोबर असून लिंक चुकीच्या जागी जाते तेव्हा नव्वद टक्के हेच, निदान मी पाहिलेल्या मशीनवर तरी. ऑफिसचा कॉम्प्युटर असेल तर हे पर्याय राखाडीही दिसू शकतात, मग तुमच्या हातात नाही, ॲडमिनला गाठा.

क्रोममध्ये घरचं आणि ऑफिसचं असे दोन प्रोफाइल असतील तर बाहेरून आलेली लिंक शेवटी वापरलेल्या प्रोफाइलमध्ये उघडते. म्हणून ऑफिसच्या मेलमधली लिंक दाबायच्या आधी ऑफिसवाल्या क्रोम विंडोवर एकदा क्लिक करायचं आणि मग लिंक दाबायची. गावठी उपाय आहे पण चालतो.

फोनबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी दोन ओळी लिहितो कारण तिथे गोंधळ जास्त आहे. फोनवर बऱ्याच ॲप्समधली लिंक ब्राउझरमध्ये जातच नाही, ॲपच्या पोटात उघडते. त्यातही दोन प्रकार. अँड्रॉइडवर काही ॲप्स क्रोमचाच एक तुकडा आत उघडतात, तिथे तुमची लॉगिनं शाबूत असतात. काही ॲप्स स्वतःचा वेबव्ह्यू, म्हणजे ॲपच्या आतली स्वतःची पानं दाखवायची खिडकी वापरतात, त्याच्या कुकीज वेगळ्या, म्हणून तुम्ही रोज वापरता ती साइट तिथे परत पासवर्ड मागते. तिथे पासवर्ड टाकू नका, कारण त्या खिडकीवर ताबा ॲपचा असतो, पानात स्वतःची स्क्रिप्ट घालायची सोयही त्याला असते. तीन टिंबांच्या मेनूत बाहेरच्या ब्राउझरमध्ये उघडायचा ऑप्शन असतो तो घ्या. जीमेलच्या अँड्रॉइड ॲपमध्ये जनरल सेटिंग्जखाली वेब लिंक्स जीमेलमध्येच उघडायचा एक चौकोन आहे, टेलिग्राममध्ये इन ॲप ब्राउझर म्हणून आहे, हे बंद केले की सुटका. फायरफॉक्सच्या अँड्रॉइड ॲपमध्ये उलट बाजू सांभाळता येते, लिंक्स ॲपमध्ये उघडू का, त्यावर नेहमी, विचारून, कधीच नाही. आयफोनवर सफारीच्या सेटिंग्जमध्ये लिंक्स नवीन टॅबमध्ये की मागे, एवढं निवडता येतं. आणि अँड्रॉइडच्या क्रोममध्ये लिंकने उघडलेल्या नवीन टॅबवर मागे दाबलं की तो टॅब आपोआप बंद होऊन आधीचं पान येतं. बघा, डेस्कटॉपवर जे तुम्हाला हवंय ते फोनवर आधीच आहे.

तुमच्याकडून मला आता दोन गोष्टी कळायला हव्यात: विकिपीडियावर साधं क्लिक केल्यावर काय होतं, आणि जी साइट सगळ्यात जास्त छळते तिच्या लिंकवर राइट क्लिक केल्यावर मेनूत पहिली ओळ काय येते. फायरफॉक्समध्ये 1 करायचं ठरवलंत तर ओव्हरराइडवाल्या ओळीत 3 टाकल्याशिवाय मेल उघडू नका.